तेविसाव्या ओळीवरची शाई

फिल्म काळी असेल तर तिच्यातून प्रकाश जात नाही, या एका गोष्टीवर माझी अडतीस वर्षांची नोकरी उभी होती. मी एका छापखान्याच्या प्रोसेस विभागात होतो. खोलीएवढ्या कॅमेऱ्याने मजकुराची फिल्म काढायची, तिच्यावरचे नको ते ठिपके ब्रशने रंग लावून बुजवायचे आणि फिल्म प्लेटवाल्याच्या हवाली करायची. पुढे संगणक आला, विभाग बंद झाला, मी निवृत्त झालो. काळ्या फिल्मविषयीचे मत मात्र तसेच राहिले.

मुलुंडला सकाळी फिरताना एक निवृत्त इंजिनियर भेटत. त्यांनी एकदा मोबाइलवर पवई तलावाचे एक छायाचित्र दाखवले. झाडे चुन्यासारखी पांढरी, पाणी डांबरासारखे काळे. ही संगणकाची करामत आहे, असे मी सांगितले. त्यांनी ते नाकारले. सूर्यप्रकाशाचा एक भाग आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसू शकतो. त्याला अवरक्त किंवा इन्फ्रारेड म्हणतात. हिरवे पान तो प्रकाश परतवते म्हणून पांढरे येते, पाणी गिळते म्हणून काळे येते. स्वतः काढून पाहिल्याखेरीज मानायचे नाही, असे मी ठरवले.

मुलाने टाकून दिलेला एक डिजिटल कॅमेरा कपाटात होता. अशा प्रत्येक कॅमेऱ्यात हा अदृश्य प्रकाश अडवणारी एक काच बसवलेली असते. जुन्या कॅमेऱ्यांत ती काच तितकी कडक नसते, म्हणून जुनाच बरा, असे इंजिनियरांनी सांगितले होते. पारख करण्याची रीत सोपी आहे. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि बटण दाबायचे. डोळ्याला काही दिसत नाही; कॅमेऱ्याच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला ठिणगी दिसली, तर कॅमेरा चालण्याजोगा आहे. मला ठिणगी दिसली. खात्रीसाठी मी बरेचदा बटण दाबले.

पत्नी दारात उभी होती. म्हणाली, "रिमोट टीव्हीकडे धरतात. एवढं तरी ठाऊक असेल म्हटलं."

आता लेन्सवर असे काही लावायचे होते, की दिसणारा उजेड अडावा आणि न दिसणारा आत यावा. बाजारात त्याचे फिल्टर मिळतात. माझ्याकडे छापखान्यातून उरलेल्या काळ्या लिथ फिल्मचे, म्हणजे छपाईच्या कृष्णधवल फिल्मचे, एक पाकीट होते. मी तिच्या चकत्या कापल्या, पुठ्ठ्याच्या कड्यात बसवल्या आणि कॅमेरा तिपाईवर ठेवून गॅलरीसमोरच्या पिंपळाकडे रोखला. तीस सेकंद उघडा ठेवला. चित्र काळे. एक मिनिट ठेवला. काळे. दुहेरी चकतीऐवजी एकेरी लावली, भर दुपारचे ऊन घेतले, वेळ आणखी वाढवला. पंधरा दिवसांत मी शेकडो काळी चित्रे काढली आणि दोष कॅमेऱ्याला दिला.

घाटकोपरला स्टेशनजवळ कॅमेरे दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. चाळिशीतला असेल. त्याने कॅमेरा उलटसुलट पाहिला, त्यात काही बिघाड नाही म्हणाला आणि फिल्टर मागितला. मी चकती दिली. ती ट्यूबलाइटसमोर धरून तो हसला.

"काका, ही चांदी आहे. हिच्यातून काय जाणार?"

मग त्याने समजावून सांगितले. कृष्णधवल फिल्मचा काळेपणा चांदीच्या कणांचा असतो आणि चांदी सगळाच प्रकाश अडवते. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते, मागे नुसता रंग राहतो. तो डोळ्याला काळा, पण अवरक्त प्रकाशाला काचेसारखा. रंगीत निगेटिव्हचे काळे टोक आणा, लग्नाबिग्नाचे घरात असेलच, असे तो म्हणाला. रंगीत फिल्म धुताना चांदी जाते, हे मला त्याच्या जन्माआधीपासून ठाऊक होते. त्याचा हा अर्थ होतो, याचा मी कधी विचार केला नव्हता.

मुलीच्या लग्नाच्या निगेटिव्ह एका डब्यात होत्या. मी कात्री आणली तेव्हा पत्नीने डबा ओढून घेतला. टोकावर कोणाचाही फोटो नाही, असे मी सांगितले.

"मग काळं का आहे?"

"रोल भरताना सगळा उजेड त्याच्यावर पडला, म्हणून."

तिने डबा सोडला. दोन टोके एकावर एक ठेवून मी नवी चकती केली. वीस सेकंदांत पिंपळ आला. सारे चित्र लालभडक होते. संगणकावर रंग काढून टाकल्यावर पाने पांढरी निघाली आणि आभाळ काळवंडले. इंजिनियरांचे म्हणणे खरे होते. मी त्यांना तसे सांगितले.

पुढच्या काही आठवड्यांत ज्या गोष्टी कळल्या, त्या नवशिक्याच्या उपयोगी पडाव्यात म्हणून नमूद करतो. हा प्रकाश लेन्समधून जाताना वेगळ्या अंतरावर जुळतो. म्हणून चकती लावण्यापूर्वी नेम, म्हणजे फोकस, साधला तरी चित्र किंचित अस्पष्ट येते आणि नेम थोडा सरकवावा लागतो. लेन्सचे छिद्र लहान ठेवले तर ही चूक झाकली जाते. वारा असेल तर झाडाच्या वाटेला जाऊ नये. घरातल्या एलईडी दिव्यांत हा प्रकाश नसतोच. ऊन हवे, नाहीतर जुना तारेचा बल्ब. जोगेश्वरीच्या लेण्यांत मी एक पूर्ण सकाळ घालवली. दगड दगडासारखाच आला, कातळात उगवलेले गवत तेवढे पेटल्यासारखे दिसले.

संक्रांतीला पत्नी काळी साडी नेसली होती. अर्धा मिनिट हलू नको, असे सांगून मी तिला गॅलरीतल्या उन्हात बसवले. ती हलली नाही. चित्रात साडी पांढरी आली, अगदी पांढरी, आणि कपाळावरचे कुंकू दिसेना. गळ्यातले मणी तेवढे काळे होते. तिने पडद्याकडे बराच वेळ पाहिले.

"समोर बसलायत, आणि जिवंतपणीच कुंकू पुसलंत की माझं."

मी तिला कारण सांगितले. साडीचा काळा रंग आणि कुंकवाचा लाल रंग हा प्रकाश परतवतात, मणी परतवत नाहीत. हे चित्र कोणाला दाखवायचे नाही, असे तिने बजावले. मी दाखवलेले नाही. पण काळ्यातही दोन जाती आहेत, ही गोष्ट डोक्यात राहिली. छापखान्यातल्या माणसाचे लक्ष शाईकडे जाणारच. मी एका कागदावर घरात मिळतील त्या सर्व शायांच्या रेघा ओढल्या. बॉलपेन नाहीसे झाले. फाउंटन पेनची निळी शाई नाहीशी झाली. पेन्सिल राहिली, वर्तमानपत्राचा छापील मजकूर राहिला, काजळी खलून केलेली बोरूची शाई राहिली.

तो कागद हातात असतानाच मला मंडळाची वही आठवली.

आमचे गाव कोकणात आहे. वडिलांच्या पिढीतले बहुतेक पुरुष गिरण्यांत होते आणि गावाच्या मंडळाची एक खोली गिरणगावात होती. खोली सुटली तेव्हा मंडळाची ट्रंक माझ्याकडे मुलुंडला आली. आता मंडळाच्या सभा घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात होतात. वडील दप्तर सांभाळत. त्यांच्यामागे ते काम मी करतो. ट्रंकेत एक जाड वही आहे आणि तिच्या पहिल्या पानावर शिमग्यात देवीची पालखी ज्या घरांत थांबते, त्या घरांची क्रमवार यादी आहे. ती वडिलांनी बोरूने लिहिली. बाविसावे घर आमचे. तेविसाव्या ओळीवर रुपयाच्या नाण्याहून मोठा, लांबट निळा डाग आहे. चोविसावे घर वहाळापलीकडचे, म्हणजे ओढ्यापलीकडचे.

वहाळाच्या अलीकडे, आमच्या घराला लागून आणखी एक घर आहे. पालखी तिथे थांबत नाही. लहानपणी मी पालखीमागून चालत असे, तेव्हा त्या घराचे दार बंद असायचे. ते घर नंतरचे आहे, यादीत नाही, असे वडील सांगत. डागाविषयी विचारले की म्हणत, शाई सांडली. त्यांच्यामागे मीही सर्वांना तेच सांगत आलो.

अलीकडे गावात नवी घरे झाली आणि प्रत्येकाला पालखी आपल्या अंगणात हवीशी झाली. वाद वाढले. म्हणून मंडळाने ठराव केला, की मूळ यादीत जे घर आहे, तिथेच पालखी थांबेल. या ठरावानंतरच्या सभेला बोरिवलीहून एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वहाळाजवळचे घर त्यांचे. त्यांचे म्हणणे असे, की पाण्याच्या वाटेच्या खटल्यात त्यांच्या वडिलांनी गावकीच्या विरुद्ध साक्ष दिली, म्हणून घर वाळीत पडले. त्यापूर्वी पालखी त्यांच्याकडे थांबत होती. वडील कधीच गेले. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि त्या घरात एकटी राहते. पालखी एकदा अंगणात यावी, एवढीच तिची इच्छा आहे.

अध्यक्ष माझ्या वयाचा, माझा बालमित्र. तो म्हणाला, घर मूळ यादीत नाही, तेविसाव्या ओळीवर शाई सांडलेली आहे. त्याने माझ्याकडे बोट केले. "हा दप्तरवाला बसलाय. विचारा त्याला."

बाई माझ्याकडे वळल्या. "काका, त्या डागाखाली काय आहे, ते कुणीतरी बघा. माझं दुसरं काही मागणं नाही."

तो डाग अनेकांनी उजेडासमोर धरून पाहिला होता. कागद जाड, शाई दाट. काही दिसत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. शायांच्या रेघांविषयी मी सभेत बोललो नाही.

दोन आठवडे मी ट्रंक उघडली नाही. कॅमेरा घेऊन कांजूरमार्गच्या खाडीकडे गेलो, खारफुटीची चित्रे काढली, ती चांगली आली. शिमगा जवळ येत होता. पुढच्या सभेचे पत्र मलाच काढायचे होते. ते लिहून झाल्यावर मी वही गॅलरीत आणली.

सकाळचे दहा वाजले होते. पान सपाट राहावे म्हणून वर काच ठेवली, तर तिच्यावर आभाळ चमकले. काच काढून चारी कोपऱ्यांवर पोळपाट-लाटणे, खलबत्ता असे जड सामान ठेवले. तिपाई वाकवून कॅमेरा खाली रोखला. नेम साधला, किंचित सरकवला, चकती लावली. पंचवीस सेकंद. उन्हात काही हलत नव्हते.

निळी शाई गेली. तिच्या जागी पुसट करडी छाया राहिली आणि तिच्यात वडिलांच्या वळणदार अक्षरांत नाव उमटले. बाईंच्या वडिलांचे नाव, आडनावासह, घराच्या खुणेसह. वहाळाशेजारी. एकही अक्षर फुटलेले नव्हते.

नावावरून एक आडवी रेघ गेली होती. ती काजळीच्याच शाईची होती, म्हणून राहिली. डावीकडून उजवीकडे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जाडीची. पट्टी धरून ओढलेली. वडील पट्टीशिवाय रेघ ओढत नसत. आधी नाव खोडले होते आणि मग खोडलेलेही दिसू नये म्हणून वर दुसऱ्या पेनची शाई ओतली होती.

पत्नी आपले सामान परत न्यायला आली. तिने पडद्यावर पाहिले आणि म्हणाली, "मामंजींची रेघ आहे." तिने खलबत्ता उचलला आणि ती आत गेली.

ती रेघ काढून टाकणे पंधरा मिनिटांचे काम होते. आयुष्यभर मी तेच केले. ब्रशने करत होतो, आता संगणकावर करायचे. रेघ नसती, तर डागाखाली नुसते नाव निघाले असते. बाईंचे घर यादीत आले असते, शाई खरोखरच सांडलेली ठरली असती आणि वडिलांचा शब्द राहिला असता. कोणाचेही नुकसान नव्हते. मी माउस हातात घेतला होता, हे लिहून ठेवतो. पहिले अक्षर साफही केले. ते इतके चांगले जमले, की मीसुद्धा फसलो असतो. मग ती प्रत काढून टाकली आणि मूळ चित्राचे चार कागद छापून आणले.

सभेत मी ते कागद फिरवले आणि कॅमेऱ्याने काय होते, ते थोडक्यात सांगितले. कोणी तरी विचारले, यातून माणसाच्या पोटातलंपण दिसतं का रे. हशा झाला. अध्यक्षाने कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्याला रेघ दिसली. तो हुशार माणूस आहे.

"नाव खोडलंय ना? मग संपलं. वाद कसला?"

मी उभा राहिलो. "खोडायला आधी नाव असावं लागतं. ठराव मूळ यादीचा आहे. मूळ यादीत नाव आहे."

"आणि शाई सांडली, ते?"

"सांडली नाही. ओतली. माझ्या वडिलांनी. मी तुम्हाला इतकी वर्षं खोटं सांगत आलो, ते मला खरं वाटत होतं म्हणून."

 

अध्यक्ष माझ्याकडे पाहत राहिला. "शहात्तर वर्षांचा झालास, आणि आता बापाला उभा केलास होय रे पिंजऱ्यात?"

"ते तुझेही गुरू होते," मी म्हणालो. "बाराखडी त्यांनीच शिकवली तुला. हे अक्षर ओळख."

त्याने पुन्हा कागद पाहिला.  एक-दोघांनी खटल्याचे जुने उकरायला सुरुवात केली, तेव्हा त्यानेच त्यांना खाली बसवले. ठराव त्याचा होता आणि ठरावातला 'मूळ' हा शब्दही त्यानेच आग्रहाने घातला होता. शेवटी त्यानेच मजकूर सांगितला आणि मी वहीत लिहिला, की क्रमांक तेवीसचे घर मूळ यादीत असल्याचे आढळले, सबब पालखी तिथे थांबेल. मी तो पेन्सिलने लिहिला. पेन का नाही, असे त्याने विचारले. मी सांगितले, पेन्सिल टिकते.

बाई जिन्यात थांबल्या होत्या. आईला दाखवायला एक प्रत हवी होती. मी दिली. त्यांनी ती पाहिली आणि अवघडून विचारले, ही रेघ काढून देता येईल का. आईला नाव दिसलं की पुरे. रेघ दिसली तर तिला लागेल.

"काढता येते," मी म्हणालो. "मी काढणार नाही."

"फार कडक आहात तुम्ही, काका."

त्यांनी कागद दुमडला नाही. पर्समध्ये मावत नव्हता, म्हणून सभेच्या पत्राच्या मोठ्या पाकिटात घालून नेला.

शिमग्याला मी गावी गेलो नाही. गुडघ्यामुळे ती चढण आता जमत नाही. पालखीच्या दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. कोण बोलतंय हे मी विचारण्याआधीच त्या सांगू लागल्या.

बाविसाव्या घराच्या, म्हणजे माझ्या घराच्या अंगणातून पालखी उठली. खांदेकरी नव्या पोरांपैकी नव्हते, दर वर्षीचे होते. ठराव त्यांना ठाऊक होता. अध्यक्षाने सकाळी पुन्हा बजावलेही होते. तरी पाय सवयीने चालले आणि पालखी बाईंच्या दारावरून पुढे गेली. ढोल वाजत होता. बाईंनी हाक मारली नाही. मारवली नाही, असे त्या म्हणाल्या. आई अंगणात आरतीचे ताट घेऊन उभी होती.  दहा-बारा पावलांवर कोणाच्या तरी लक्षात आले आणि ढोल थांबला.

तिथे वहाळाकाठची वाट एका माणसापुरती आहे. पालखी वळवायला जागा नाही. मी ती वाट ओळखतो.

"मग काय केलं?" मी विचारले.

"उलटे चालत आले, काका. सगळे. पाठ आमच्याकडे करून, एक एक पाऊल चाचपत. आईनं ताट तसंच धरून ठेवलं होतं. खाली ठेवलं नाही."

आईने कागद पाहिला का, हे मी विचारले.

पाहिला, असे त्या म्हणाल्या. आईला वाचता येत नाही. नावावरून तिने बोट फिरवले आणि रेघेपाशी थांबली. मग म्हणाली, ही मारताना दप्तरवाले आमच्या ओटीवर बसले होते. मीच त्यांना पाणी दिलं होतं.

 

"पाणी प्यायले होते का ते?" मी विचारले.

"विचारून सांगते," त्या म्हणाल्या आणि फोन तसाच ठेवून आत गेल्या. मी रिसीव्हर कानाला धरून उभा राहिलो. लांबून कोंबड्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने त्या परत आल्या.

"नाही म्हणते. तांब्या तसाच ठेवून उठले."